कार्डाची मागची बाजू
डार्करूममधल्या फोटो-पोस्टकार्डांची देवाणघेवाण आणि तिची अपुरी समीक्षा

फोटो स्टुडिओत ‘पोस्टकार्ड साइझ’ हा शब्द आजही चालतो. ‘नीट’ परीक्षेच्या अर्जासाठी गेल्या काही वर्षांत चार बाय सहा इंचांचा पोस्टकार्ड आकाराचा फोटो मागितला गेला, तेव्हा आमच्याकडची पोरे तुमसरला जाऊन तो काढून आणीत. त्यांतल्या एकाला मी विचारले, याला पोस्टकार्ड का म्हणतात? तो म्हणाला, “तेवढा असते म्हनून.” उत्तर चुकीचे नव्हते. पण फोटोचा कागद हाच एके काळी पोस्टकार्ड होता, ही गोष्ट त्या शब्दातून पुसली गेली आहे.

जुन्या मराठी घरांतले अल्बम चाळताना याचा पुरावा हाती लागतो. आजोबा खुर्चीवर, आजी शेजारी उभी, मागे रंगवलेला पडदा. असा एखादा फोटो कोपऱ्यांतून सोडवून उलटा करावा, तर मागे इंग्रजीत ‘पोस्ट कार्ड’ अशी अक्षरे, मधून उभी रेघ आणि वर उजवीकडे तिकिटाची चौकट छापलेली दिसते. स्टुडिओवाले हा तयार कागद वापरीत. असे पुष्कळ फोटो टपालपेटीत कधी पडलेच नाहीत. ते लिफाफ्यातून स्थळ म्हणून गेले किंवा ट्रंकेत राहिले. त्या कागदाला पत्र होण्याची सोय होती, ती वापरली गेली नाही.

ही सोय जाणूनबुजून वापरणारी एक छोटी जमात मात्र जगभर आहे. हे हौशी लोक स्वतःच्या डार्करूममध्ये निगेटिव्हवरून पोस्टकार्डाच्या आकाराचे प्रिंट काढतात, मागे मजकूर आणि पत्ता लिहितात, तिकीट लावतात आणि एकमेकांना पाठवतात. इंग्लंडची इलफर्ड कंपनी अशा कामासाठी मागे पोस्टकार्डाची आखणी असलेला कागद बनवते. मीही बरीच वर्षे या व्यवहारात आहे. छायाचित्रणाचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. जे काही कळते ते जुन्या पुस्तकांतून, रद्दीतून मिळालेल्या माहितीपत्रकांतून आणि कागद वाया घालवून कळले आहे. त्या आधारावर एक म्हणणे मांडतो: या कार्डांकडे आपण चित्र म्हणून पाहतो आणि त्यांची पारख पुढच्या बाजूवरून करतो. ही पारख अर्धी आहे. आणि ती अर्धी राहण्यात समीक्षकांइतकाच आम्हा हौशींचाही दोष आहे.

१. मजकूर पुढून मागे गेला

पोस्टकार्ड हा प्रकार १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत सुरू झाला. हिंदुस्थानात तो १ जुलै १८७९ रोजी आला. किंमत पाव आणा. सुरुवातीच्या कार्डांची एक पूर्ण बाजू पत्त्यासाठी राखलेली असे. पुढे चित्रे असलेली कार्डे निघाली, तेव्हाही नियम तोच राहिला. त्यामुळे मजकूर लिहायचा तर तो चित्राच्याच बाजूला लिहावा लागे. त्या काळच्या कार्डांवर चित्राखाली किंवा कडेला कोरी पट्टी दिसते, ती याचसाठी. लिहिणारा कधी पट्टी भरून झाल्यावर आकाशात लिही, कधी नदीच्या पाण्यावर. चित्र आणि अक्षर एकाच अंगणात नांदत होते.

ब्रिटनने १९०२ साली आणि अमेरिकेने १९०७ साली मागची बाजू दोन भागांत वाटण्याची परवानगी दिली: डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. चित्राला पूर्ण दर्शनी बाजू मिळाली आणि मजकूर पाठीमागे गेला. टपालखात्याच्या एका नियमाने एका कलाप्रकाराची रचना कशी बदलते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. पण याच वाटणीने पुढच्या विस्मरणाचीही सोय झाली. कार्ड काळ्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवले की पत्र कायमचे झाकले जाते, आणि पाहणाऱ्याला काही उणे आहे असे वाटतही नाही.

याच सुमारास हौशींच्या हाती साधने आली. कोडॅकने १९०३ साली ‘३ए’ हा घडीचा कॅमेरा बाजारात आणला. त्याची निगेटिव्ह सव्वातीन बाय साडेपाच इंचांची, म्हणजे जवळजवळ पोस्टकार्डाएवढीच. ती कागदावर ठेवून, काचेखाली दाबून उजेड दिला की कार्ड तयार. एन्लार्जरची गरज नाही. ‘वेलॉक्स’सारखे कागद इतके मंद होते की गॅसच्या दिव्याजवळ धरून प्रिंट काढता येई आणि तोच दिवा दूर किंवा बारीक करून डेव्हलप करता येई. म्हणून त्यांना ‘गॅसलाइट’ कागद म्हणत. वीज नसलेल्या गावातही असे कार्ड निघू शकत होते. १९१४ साली कोडॅकने आणखी एक युक्ती काढली. कॅमेऱ्याच्या पाठीला बारीक झडप असे. ती उघडून टोकदार सळईने फिल्मच्या कडेवर तारीख, गाव, चार शब्द लिहिता येत, आणि प्रिंट काढला की ते अक्षर चित्राबरोबर उमटे. या ‘ऑटोग्राफिक’ कॅमेऱ्यांची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. मला मात्र त्यात एक जुनी ओढ दिसते: फोटोला बोलते करण्याची, त्याच्यासोबत आपले अक्षर पाठवण्याची.

२. देवाणघेवाणीच्या दोन परंपरा

हौशींनी आपसांत फोटो वाटणे पोस्टकार्डाहून जुने आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ अंकाअंकाने काढला. छपाईची ठसेचित्रे नव्हेत, खरे प्रिंट चिकटवलेले. अमेरिकेत १८६१ साली काही हौशींनी ‘अमॅच्युअर फोटोग्राफिक एक्स्चेंज क्लब’ काढला. दर ठरावीक काळाने प्रत्येकाने इतरांना स्वतःचे प्रिंट पाठवायचे, असा त्यांचा नेम. यादवी युद्धाच्या धामधुमीत दोनेक वर्षांत तो बंद पडला. या परंपरेत फोटो एका ओळखीच्या माणसाकडून दुसऱ्या ओळखीच्या माणसाकडे जातो.

दुसरी परंपरा सलोनची. मुंबईत १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आणि १९५३ साली देशपातळीवर फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली. आपल्याकडे हौशी छायाचित्रण जे रुजले ते मुख्यतः या स्पर्धा-प्रदर्शनांच्या वाटेने. इथेही टपाल आहेच. मोठे प्रिंट पुठ्ठ्यांत बांधून दूरदूरच्या सलोनला जात, परत येताना त्यांच्या पाठीवर सलोनचे लेबल चिकटलेले असे. त्या लेबलांवर किती माणसांनी जीव टाकला आहे, हे ज्यांनी ते पाहिले त्यांनाच ठाऊक. सलोनने आपल्याला पुष्कळ शिकवले: काळ्यापांढऱ्यातल्या छटा, चौकटीची शिस्त, सफाई. पण सलोनचा प्रिंट परीक्षकाला उद्देशून असतो. मागच्या बाजूने तो निकाल सांगतो. पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूला मात्र एका माणसाचे नाव असते.

आमची अडचण अशी, की आम्ही पहिल्या परंपरेचे कार्ड हाती घेतले आणि त्याला मोजपट्टी दुसऱ्या परंपरेची लावली.

३. वीस अंशांचे शास्त्र आणि आमचा मे महिना

कार्ड कसे बनते हे थोडे सांगायला हवे, कारण हाताने बनवलेले म्हणजे आपोआप श्रेष्ठ, असा एक भाबडा समज या छंदाभोवती आहे. लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा, मिनिटा-दोन मिनिटांत चित्र वर येते. मग ॲसिटिक ॲसिडचे किंवा व्हिनेगरचे पाणी, मग हायपो आणि शेवटी भरपूर धुणे. पुस्तकांत सगळीकडे २० अंश सेल्सियस तापमान दिलेले असते. बपेऱ्यात मे महिन्यात टाकीचे पाणीच पस्तिशीच्या पुढे जाते. अशा पाण्यात जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, बोटाचा ठसा घेतो, कधी कागदावरून सरकतो. उष्ण देशांसाठी कोडॅकने डीके-१५ नावाचा फिल्म डेव्हलपर दिला होता. त्यात सोडियम सल्फेट असते, ते हा फुगवटा रोखते. क्रोम ॲलमने थर टणक करण्याचीही रीत आहे. मी साधे करतो. माठातले पाणी वापरतो आणि एप्रिलपासून पावसापर्यंत रात्री अकरानंतरच काम करतो.

पावसाळ्यात दुसरे संकट. कागद वाळत नाही, वाळला तर वळतो, आणि ओलीत राहिला तर बुरशी धरतो. धुण्यात कसूर झाली तर हायपो कागदात राहतो आणि काही वर्षांनी चित्र पिवळे पडते. माझी सुरुवातीची कितीतरी कार्डे आज इतरांच्या घरी पिवळी झाली असतील.

मागची बाजूही आपले शास्त्र मागते. जुन्या पद्धतीच्या, नुसत्या कागदी पायाच्या ब्रोमाइडवर शाई छान धरते. प्लास्टिकचा थर दिलेल्या आरसी कागदावर फाउंटन पेनची शाई पसरते. बॉलपेन दाबून लिहिले तर अक्षरे पुढे, फोटोतल्या आकाशात उठून दिसतात. टपालाचा शिक्का मागे आदळतो आणि पुढच्या थरावर बारीक खळगा पाडतो. पहिल्यांदा बिनालिफाफ्याचे कार्ड दिले तेव्हा पोस्टमन म्हणाला होता, “फोटू खराब झाला तं मले बोलू नोका जी.” त्याला खराबी दिसली, ती योग्यच. पण ती कार्डाच्या जीवनाचा भाग आहे, हे समजायला मला काही वर्षे लागली. लिफाफ्यात घालून पाठवलेले कार्ड स्वच्छ पोहोचते, मात्र तो मग लिफाफ्यातला फोटो होतो.

या सगळ्या खटाटोपाला मान द्यावा, पण गुण देऊ नयेत. स्वयंपाकाला चूल पेटवायला कष्ट पडले म्हणून भाजी चविष्ट ठरत नाही.

४. तीन कार्डे

पारख करायची तर प्रत्यक्ष कार्डे समोर ठेवली पाहिजेत. आमच्या आठ-दहा जणांच्या मंडळातली तीन घेतो. नावे देत नाही.

पहिले कार्ड कोकणातल्या एका निवृत्त शिक्षकाचे. रहाटाची विहीर, रहाटावर दोर नाही. प्रिंट गडद आहे. विहिरीच्या तोंडाशी छटाच उरलेल्या नाहीत, नुसता काळा गोळा. सलोनच्या टेबलावर हे कार्ड पहिल्या फेरीत बाद होईल. मागे लिहिले आहे: “पंप बसला. दोर गोठ्यात टांगला आहे. रहाट अजून आहे का, असे तुम्ही विचारले होते.” मी विचारले होते हे मी विसरलो होतो. हा फोटो म्हणजे उत्तर आहे. उत्तर कळल्यावर पुन्हा पुढे पाहिले, तेव्हा डोळा विहिरीच्या काळोखावरून उठून रिकाम्या रहाटाकडे गेला. प्रिंट अजूनही गडदच आहे. तो दोष मी झाकत नाही. पण हे कार्ड मागची बाजू वगळून वाचताच येत नाही.

दुसरे कार्ड मुंबईच्या एका स्नेह्याचे. ओहोटीनंतरचा खडकाळ किनारा, दगडांवरची ओल, क्षितिजाशी हलका करडा. इतका नेटका प्रिंट मला आयुष्यात साधलेला नाही. मागे फिल्म, लेन्स, डेव्हलपर, कागदाचे नाव आणि ‘७/२०’ असा आकडा. म्हणजे वीस प्रतींपैकी सातवी. हा आकडा मुद्राचित्रांच्या बाजारातून आला आहे. तिथे तो प्रतीच्या दुर्मिळतेची हमी देतो. पत्रात तो काय सांगतो? मी सातवा आहे, एवढेच. कार्ड मी भिंतीवर लावले आहे आणि रोज पाहतो. पण त्याला उत्तर लिहायला बसलो, तर “छान आहे” यापुढे वाक्य सुचत नाही. ज्या कार्डाने काही विचारले नाही, सांगितले नाही, त्याला उत्तर कसले देणार?

तिसरे कार्ड माझे. पावसाळ्यातली बावनथडी, तिच्यावरचा पूल, पलीकडे मध्य प्रदेशाचा काठ. डावी कड उजेड लागून धुरकटली आहे. मी ते बारा जणांना पाठवले आणि बाराही कार्डांवर एकच वाक्य लिहिले: “बावनथडीला पूर.” मुंबईच्या स्नेह्याला मी वर दोष दिला, पण माझा दोष जास्त आहे. त्यांनी निदान पत्र लिहिल्याचा आव आणला नव्हता. मी एक जाहीर सूचना बारा वेळा नक्कल करून तिला पत्र म्हटले. नदीपलीकडे ज्याचे सासर आहे त्याला पुराचे एक सांगायला हवे होते, आणि ज्याने ही नदी कधी पाहिली नाही त्याला दुसरे.

५. कोरी बाजू

मराठी वाचकाला पत्राची पारख शिकवावी लागत नाही. साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ आपण लहानपणी वाचली. जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांचे खंड निघाले. सुनीताबाई देशपांडे यांचे ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तक पत्रांचेच. पत्र हा वाङ्मयप्रकार आहे यावर आपल्याकडे आता वाद उरलेला नाही. इतकेच काय, पोस्टकार्डाचे शरीरही आपला समाज वाचत आला आहे. कोपरा फाडलेले कार्ड दारात आले की अक्षर वाचण्याआधीच घर गप्प होई. वाचून झाल्यावर ते फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. हळदीकुंकवाचे बोट लागलेले कार्ड आनंदाचे. कागदाचा कोपरा, डाग, शिक्का हाही मजकूर असतो, हे ज्या समाजाला कळत होते, त्याच्या छायाचित्र-समीक्षेने मात्र फोटो-पोस्टकार्डाची पाठ पाहिली नाही. मागे एका शहरातल्या प्रदर्शनात मी जुनी कार्डे चौकटीत बसवलेली पाहिली. मागे काय लिहिले आहे, असे विचारले. नोंदीत ते उतरवलेले नव्हते. कार्ड कोणी कोणाला पाठवले, हे सांगणारी एकमेव जागा भिंतीकडे तोंड करून होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मागचा मजकूर खाजगी असतो, समीक्षकाने त्यात का डोकवावे? मला वाटते, पोस्टकार्ड लिहिणारा पोस्टमनने वाचावे इतपतच लिहितो. उघडेपणाची ही मर्यादा त्याने स्वतः पत्करलेली असते. हयात माणसांचे पत्ते, नावे झाकावीत, घरच्यांना विचारावे. पण मजकूर नाहीच असे समजून चालणे हे सौजन्य नव्हे.

आता आमच्या दोषाकडे येतो. सांगलीकडचे एक स्नेही तीन वर्षांपूर्वी गेले. आम्ही कधी भेटलो नव्हतो. आठ वर्षांत त्यांची अकरा कार्डे आली. त्यांच्या मुलाने फोनवर विचारले, बाबा तुम्हाला काय लिहीत असत? मी अकराही कार्डे उलटी करून मांडली. दहांवर फक्त तांत्रिक नोंदी: “डी-७६, एकास एक, ९ मिनिटे.” मी त्यांना पाठवलेली कार्डेही तशीच असणार. आठ वर्षे आम्ही एकमेकांना काळोखात बनवलेल्या वस्तू पाठवल्या आणि मिनिटे व अंश कळवले.

अकराव्या कार्डावर मात्र असे होते: “३१ अंश. बर्फ मिळाला नाही. तुमच्याकडे काय हाल असतील!” पुढे कडुलिंबाच्या सावलीचा साधा फोटो. उष्ण पाण्यामुळे थर मऊ पडून एका कोपऱ्यात बोटाचा ठसा उमटलेला. मुलाला मी हे कार्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन करून पाठवले. त्याने ठशाबद्दल विचारले, मी कारण सांगितले. त्यावर तो काही वेळ बोलला नाही.

म्हणून तांत्रिक नोंदींची मी थट्टा करणार नाही. ३१ हा आकडा पत्र झाला, कारण त्याच्या पुढच्या वाक्यात ‘तुमच्याकडे’ हा शब्द होता. लांब मजकुराची गरज नाही. कार्ड ज्याच्या नावाने चालले आहे त्याचा विचार मागच्या डाव्या अर्ध्या भागात कुठेतरी दिसला पाहिजे. पुढचे चित्रही त्याच विचाराने निवडले गेले असेल, तर त्या कार्डाला मी उत्तम म्हणेन. हीच माझी कसोटी आहे: कार्डाच्या दोन बाजू एकमेकींना ओळखतात का? कोकणच्या विहिरीचे कार्ड या कसोटीला उतरते, मुंबईचा किनारा उतरत नाही, माझा पूल तर नाहीच.

ही कसोटी मान्य असेल तर काही साध्या गोष्टी लगेच करता येतील. घरातली जुनी कार्डे खळीने चिकटवू नयेत, कागदी कोपऱ्यांत बसवावीत. स्कॅन दोन्ही बाजूंचे करावे. संग्रहाच्या नोंदीत पत्ता, शिक्क्याची तारीख, तिकिटाच्या चौकटीतली खूण हेही उतरवावे. अमेरिकी कोडॅकच्या ‘अझो’ कागदावर या चौकटीतल्या त्रिकोणांची आणि चौकोनांची मांडणी काळानुसार बदलत गेली. तारीख नसलेल्या कार्डाचा काळ त्यावरून ठरवता येतो. कार्ड चिकटवले की हा पुरावाही गेला.

साधने कमी होत चालली आहेत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद, ज्यावर आमच्या पिढीतले बरेच जण शिकले, तो केव्हाच बंद झाला. रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. परदेशी कागदाचे शंभर पानांचे पाकीट आता विचार करून घ्यावे लागते. एका अर्थी हे बरेही आहे. कागद महाग झाला की वीस प्रतींचा मोह कमी होतो.

या दिवाळीला मी सहाच कार्डे काढणार आहे. निगेटिव्ह सहा वेगवेगळ्या आहेत. मजकूर आधी लिहून ठेवला आहे, प्रिंट नंतर काढीन. पावसाने उघडीप दिली आणि रात्रीचे पाणी पंचवीस अंशांवर आले की कामाला लागतो.